मुलांस कोणत्या महाविद्यालयात घालावे?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व विद्यार्थी यांच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने उभे राहावे, पूर्वीच्या मिशनऱ्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे, ख्रिस्तमंदिराची पहिली भिंत कोणी उभारली ते सांगावे आणि आशीर्वाद देऊन खाली बसावे, अशी रीत आहे. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी इतके उत्तम केले आहे की आम्ही त्यात भर घालावी असे काही उरलेले नाही. म्हणून आम्ही आज एका घरगुती प्रश्नाविषयी चार शब्द बोलणार आहोत. बारावीचा निकाल लागला म्हणजे दरवर्षी जो प्रश्न आमच्या ओसरीवर येऊन बसतो, तोच हा : "फादर, पोराला कुठल्या कॉलेजात घालू?"

हा प्रश्न ऐकून प्रथम आम्हांस आनंद होतो. आपल्या वाडवडिलांपुढे हा प्रश्न नव्हता. पोराला शाळेत धाडावे की गुरांमागे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पुढे २०११ च्या जनगणनेत सात वर्षांवरील माणसांची मोजदाद झाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात शंभरांपैकी ८२ माणसे साक्षर निघाली आणि आपल्या जिल्ह्यात ६४. अशा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती एक नव्हे, दोन महाविद्यालयांचे अर्ज असावेत, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि जेथे निवड आली तेथे चूकही आली, आणि अशा एका चुकीत आमचाही वाटा आहे. ती आम्ही पुढे सांगणारच आहोत.

गेल्या महिन्यात नवापूरकडील एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. मुलगी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेली. रसायनशास्त्र शिकण्याची तिची इच्छा. बापाच्या हातात दोन कागद होते. एक नंदुरबारच्या गजमल तुळशीराम पाटील महाविद्यालयाचा, ज्यास आपण सारे जी. टी. पाटील कॉलेज म्हणतो. दुसरा मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाचा. पहिले घरापासून आगगाडीने तासाभराच्या वाटेवर. दुसरे येशूसंघाच्या धर्मगुरूंनी १८६९ साली स्थापिलेले, देशभर नावाजलेले, आणि ख्रिस्ती अल्पसंख्याकांची संस्था असल्यामुळे आपल्या मुलांस तेथे राखीव जागाही आहेत. बाप म्हणाला, "फादर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच बोट ठेवा. तुम्ही ठेवाल तिथं घालतो."

बंधूंनो, आम्ही बोट ठेवले नाही. पूर्वी एकदा ठेवले होते, म्हणून.

संत लूककृत शुभवर्तमानातील बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आपणांस ठाऊक आहे. त्या मनुष्यास प्रभू बुरूज बांधण्याची मनाई करीत नाही, अथवा बुरूज बुटका बांध असेही म्हणत नाही. आधी बैस आणि खर्च पुरेल की नाही याचा हिशेब कर, एवढेच त्याचे सांगणे. आपण मात्र उभ्याउभ्याच निर्णय घेतो. शेजाऱ्याच्या मुलाने अमुक ठिकाणी नाव घातले, म्हणून आपणही घालतो. एतदर्थ आम्ही त्या पितापुत्रींस खाली बसविले, कोरा कागद पुढे ठेवला आणि त्यावर तीन प्रश्न लिहिले : परवडेल काय? रुळेल काय? फळेल काय? याच तीन प्रश्नांचा आज क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न पैशाचा. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. परंतु पुष्कळ पालक महाविद्यालयाची फी तेवढी विचारतात आणि तोच खर्च समजतात. वस्तुतः आपल्या मुलांच्या बाबतीत फी हा बहुधा खर्चाचा लहान भाग असतो. अनुसूचित जमातीच्या ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत आहे, त्यांस भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. येथे एक शंका आम्हांस नेहमी विचारली जाते : आपण ख्रिस्ती असल्यामुळे ही सवलत जाते काय? आजच्या कायद्याप्रमाणे जात नाही. अनुसूचित जमातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. मात्र जमातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावी लागते आणि तीस वेळ लागतो. ज्यांची मुले आज अकरावीत आहेत, त्यांनी उद्याच त्या कामास लागावे.

खरा खर्च राहण्याचा आणि जेवणाचा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर ठीकच. न मिळाल्यास आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. ती २०१६ साली निघाली, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षास ६०,००० रुपये आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणांसाठी ४३,००० रुपये ठरले होते. आजची रक्कम आणि अटी प्रकल्प कार्यालयात विचारून घ्याव्यात. परंतु या आकड्यांत एक धडा आहे. साठ हजारांपैकी निवासासाठी धरलेले होते २०,००० रुपये. दहा महिन्यांनी भागिले तर महिन्यास दोन हजार. दोन हजारांत मुंबईत खाट कोठे मिळते, ते ज्याने शोधून पाहिले त्यास विचारावे! शिवाय सरकारी पैसा हाती पडण्यास महिने लागतात, आणि खानावळवाला तेवढे दिवस थांबत नाही. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च स्वतःजवळ असल्यावाचून दूरच्या शहरात मूल पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, मग जवळचे ते स्वस्त आणि स्वस्त तेच बरे. थांबा. आमच्या ओळखीची एक मुलगी केवळ स्वस्त पडते म्हणून जवळच्या महाविद्यालयात घातली गेली. पहाटे उठून तिने भाकऱ्या थापाव्यात, पाणी भरावे, मग दीड तास एस. टी.च्या बसने जावे. पावसाळ्यात नाल्यास पूर आला की बस बंद. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीस गुजरातेत गेले की धाकट्या भावंडांचा भार तिच्यावर. प्रयोगशाळेतील तास बुडू लागले, पहिल्या वर्षाचे विषय दुसऱ्या वर्षात राहिले, आणि तिसरे वर्ष आलेच नाही. तिच्या बापाने खोलीभाडे वाचविले आणि तीन वर्षे गमावली. यावरून आम्ही असे शिकलो की जे शिक्षण पुरे होत नाही तेच सर्वांत महाग. कदाचित त्याच गावातील महाविद्यालय आणि तेथल्याच वसतिगृहातील एक खाट, एवढ्याने तिचे काम झाले असते. घरी राहणे फुकट असते, असे मुलींच्या बाबतीत तरी कोणी समजू नये.

आता दुसरा प्रश्न : रुळेल काय? आपली मुले घरी मावची, पावरी, भिल्ली बोलतात. बाजारात अहिराणी ऐकतात. शाळेत मराठी शिकतात. म्हणजे महाविद्यालयाच्या दाराशी येईपर्यंत त्यांनी दोन-तीन उंबरे ओलांडलेलेच असतात. विज्ञानाची पुस्तके नंदुरबारातही इंग्रजीच आणि मुंबईतही इंग्रजीच. परंतु नंदुरबारात अडलेला मुद्दा शिक्षक मराठीत उलगडून सांगतात, आणि बाजूच्या बाकावर आपल्यासारखेच कोणी बसलेले असते. मुंबईत वर्गही इंग्रजी, विनोदही इंग्रजी आणि मधल्या सुट्टीतील गप्पाही इंग्रजी. सारे हसले आणि आपणांस हसू आले नाही, म्हणजे मनुष्यास किती एकटे वाटते, हे ज्याने भोगले त्यासच कळते.

येथे आमची चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका केंद्रात सेवा करीत असताना सातपुड्यातील एक मुलगा फार चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. जवळच्या महाविद्यालयात जावे, आपल्या दोन मित्रांबरोबर राहावे, असा त्याचा स्वतःचा मानस होता. आम्ही तो मोडून काढला. एका मोठ्या शहरातील नामांकित महाविद्यालयाचे नाव आम्ही उच्चारले, ओळखीपाळखी लावल्या, पैसे उभे केले. एका रविवारी मिस्सानंतर त्यास वेदीपुढे उभे करून हार घातला आणि सर्व मंडळींकडून टाळ्या वाजविल्या. तो मुलगा होळीस घरी आला. आपल्या डोंगरात होळीस कोण येत नाही? परंतु भोंगऱ्याचा बाजार उठला, होळी विझली, आणि तो परत गेला नाही. पुढे कित्येक महिने तो ख्रिस्तमंदिरातही आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याने खाली मान घालून एकच गोष्ट सांगितली : "फादर, तुम्ही हार घातला होता ना."

बंधुभगिनींनो, ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. ज्यास हार घालून पाठविले त्यास परत कसे येता यावे? वास्तविक तो मुलगा दिवाळीतच खचला होता. तेव्हा त्याने सांगितले असते तर जवळच्या महाविद्यालयात त्याची सोय करता आली असती. पण सांगण्याची वाट आम्हीच बंद करून ठेवली होती.

आमची समजूत अशी की आम्ही जसे निभावलो तसा तोही निभावेल. आम्हीही खेड्यातूनच पुण्याच्या गुरुविद्यालयात गेलो होतो. तेथील व्याख्याने इंग्रजीत. पहिले सहा महिने आम्हांस निम्मेअधिक कळत नसे. परंतु तेथे घंटा झाली की जेवण होते, रात्री अंथरूण होते, आणि वरच्या वर्गातील एक वडीलबंधू रोज सायंकाळी आमच्याजवळ बसून धडा पुन्हा वाचून घेत. आम्ही आपल्या बुद्धीने तरलो असे आम्हांस वाटत असे. खरे पाहता आम्हांस त्या घराने तारले. त्या मुलास शहरात खोली मिळाली होती, घर मिळाले नव्हते. हा भेद आम्ही ओळखावयास हवा होता.

खानदेशास हा भेद शिकविणारे थोर गुरुजी होऊन गेले आहेत. शहाद्याच्या शिक्षणसंस्थेस ज्यांचे नाव दिलेले आहे, ते साने गुरुजी स्वतः गरीब विद्यार्थी होते. औंध संस्थानात गरीब मुलांच्या जेवणाची सोय होते असे कळल्यावरून ते शिकण्यासाठी औंधास गेले; तेथे प्लेग आला, म्हणून तेथून निघावे लागले; पुढचे शिक्षण त्यांनी पुण्यास मोठ्या ओढगस्तीत केले. हेच गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तेथील छात्रालय त्यांच्याकडे आले, तेव्हा मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांची अंथरुणे आवरणे, आजाऱ्यापाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत. ज्याने परगावी उपास काढला त्यास विद्यार्थ्याची खरी गरज कळली होती. म्हणून आम्ही म्हणतो की महाविद्यालय पाहावयास जाल तेव्हा इमारत पाहून परत फिरू नका. वसतिगृहात जा, स्वयंपाकघरात डोकवा, आणि मुलगा आजारी पडला तर त्याच्याजवळ कोण बसेल, हे नावानिशी विचारून या.

तिसरा प्रश्न : फळेल काय? हा प्रश्न महाविद्यालयाविषयी नाही, तुमच्या मुलाविषयी आहे. आणि येथे तुम्ही आमच्याहून अधिक जाणते आहात, कारण तुम्ही मिरची लावता. नंदुरबारच्या मिरचीचे नाव दूरवर आहे. ती मिरची आपण एकदम शेतात पेरतो काय? आधी गादीवाफ्यावर रोप करतो. कोवळे असताना उपटून लावले तर उन्हाने माना टाकते. वाफ्यातच जास्त दिवस ठेवले तर उंच वाढते, बारीक होते, आणि मग कितीही चांगल्या शेतात लावा, जोर धरीत नाही. चाळीसएक दिवस झाले की शेतकरी पंचांग पाहत नाही, रोपाकडे पाहतो. आम्ही त्या मुलाचे रोप कोवळे असता उपटले. त्या मुलीचे रोप तिच्या बापाने वाफ्यातच ठेवले. शेत दोन्हीकडे चांगलेच होते.

आपल्या भागातील एक सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण पाहा. साक्री तालुक्यातील सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारुड हे भिल्ल समाजातील अत्यंत गरीब घरचे. त्यांची आई मोहाची दारू विकून घर चालवीत असे, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. ते मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, पुढे भारतीय प्रशासन सेवेत गेले, आणि करोनाच्या साथीत आपल्याच जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते. लोक त्यांची मुंबई तेवढी सांगतात. परंतु मुंबईच्या आधी अक्कलकुव्याचे नवोदय विद्यालय होते, ते सांगत नाहीत. घराबाहेर राहणे, वेळेवर उठणे, परक्या मुलांत मिसळणे, हे ते निवासी शाळेत शिकले होते. सामोड्याहून अक्कलकुवा आणि अक्कलकुव्याहून मुंबई : दोन पायऱ्या होत्या, एक उडी नव्हती.

तेव्हा तुमच्या मुलाने आजवर किती पायऱ्या चढल्या ते मोजा. तो घराबाहेर राहिला आहे काय? अडले तर विचारतो की लाजून गप्प बसतो? त्यास जो विषय शिकावयाचा तो दोन्हीकडे मिळतो काय? जवळ तोच विषय चांगला मिळत असेल तर पहिली पदवी जवळ आणि दुसरी दूर, असाही सुंदर मार्ग आहे. त्यात कमीपणा कसला? दुरून डोंगर साजरे म्हणतात. आपण डोंगरातच राहतो, म्हणून आपणांस दुरून शहरे साजरी दिसतात, इतकेच.

आता त्या पितापुत्रींकडे वळू. कागदावर हिशेब मांडला तो मुलीनेच. मुंबईच्या बाजूस धर्मभगिनींच्या वसतिगृहाचा खर्च, प्रवास, पुस्तके; नंदुरबारच्या बाजूस खोली, खानावळ, पास. मुंबईची बाजू बरीच जड झाली. बापाने दोन एकरांच्या उत्पन्नातून काय निघते ते प्रामाणिकपणे सांगितले. आईने एक शेळी धरून ठेवली होती ती मोजली. पैशाचे कसेबसे जमत होते. मग रुळण्याचा प्रश्न. मुलगी आठवीपासून वसतिगृहात राहिलेली. पहिले वर्ष रडून काढले आणि दुसऱ्या वर्षी धाकट्यांची समजूत घालू लागली, असे तिच्या भगिनींनी आम्हांस सांगितले होते. सर्व लिहून झाल्यावर आम्ही तिला म्हणालो, "तुला काही विचारावयाचे आहे काय?" ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "फादर, तिथं नाही जमलं तर परत येता येईल का?"

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच तिचा बाप बोलला. "घर तुझंच आहे बाई. कधीही ये." पोरीच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. तिने मुंबईच्या कागदावर बोट ठेवले. तिचे तिने ठेवले. ना बापाने, ना आम्ही.

पालकहो, आमच्या साऱ्या भाषणातील घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. परत येणे म्हणजे हरणे नव्हे, हे मुलास निघण्यापूर्वी सांगा. आता तर सरकारनेही ही वाट थोडी रुंद केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात, आणि एक वर्ष पुरे करून थांबावे लागले तर प्रमाणपत्राची, दोन वर्षांनंतर पदविकेची तरतूद आहे. म्हणजे एक वर्ष गेले तर सारेच गेले, असे राहिलेले नाही. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांसही एक सांगणे आहे. खचलात तर होळीपर्यंत थांबू नका, दिवाळीतच सांगा. आईबापांस सांगवत नसेल तर आम्हांस सांगा. आम्ही रागावणार नाही, आणि टाळ्याही वाजविणार नाही.

ती मुलगी येत्या आठवड्यात मुंबईस जाईल. या वेळी हार नाही, वेदीपुढे उभे करणे नाही. ती आपल्या नेहमीच्या बाकावरून उठेल आणि नेहमीसारखाच आशीर्वाद घेऊन जाईल. तिच्या आईने पिशवीच्या अस्तरात मुंबई ते नवापूर एवढे परतीचे भाडे शिवून दिले आहे. देवाच्या कृपेने ते तीन वर्षांत कधी उसवावे न लागो. परंतु ते तेथे आहे, हे तिला ठाऊक असो. ज्या घरातून मूल शिकावयास निघेल, त्या प्रत्येक घराने हिशेबाच्या कागदावर ही एक ओळ अवश्य लिहावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

प्रभू आपणां सर्वांस सुबुद्धी व आशीर्वाद देवो.